रँडम माणसाने टाकलेलं फर्स्ट एड

ऑनलाइन गेममधली माणसं चांगली पण असतात असं म्हटलं की आमच्या ऑफिसातली पोरं फिदीफिदी हसतात, आणि त्यांचं काही चुकत नाही म्हणा, कारण बीजीएमआयमध्ये, म्हणजे बंदुका घेऊन शेवटपर्यंत जिवंत राहायच्या त्या मोबाइल गेममध्ये, रँडम स्क्वॉड, म्हणजे अनोळखी चौघांची टीम, लावून माइक ऑन केला की विमानातून उडी मारायच्या आत कुणीतरी कुणाच्या तरी आई-बहिणीचा उद्धार केलेला असतो. ते आहेच. पण बोरिवली ते चर्चगेट रोज जाऊन-येऊन करणाऱ्या माझ्यासारख्या बाईच्या हातात मोबाइल गेमसाठी भरपूर वेळ असतो, आणि त्या वेळात अनोळखी लोकांनी केलेली मदत पण मी चिक्कार बघितलीये. फक्त ती सगळी एका पारड्यात टाकता येत नाही असं माझं मत झालंय.

एक प्रकार आधीच बाद करते. माइकवर माझा आवाज ऐकला की टीमचा नूरच बदलतो. "अरे दीदी है टीम में, दीदी को दो", की लगेच लेव्हल थ्री हेल्मेट, एट एक्स स्कोप म्हणजे बंदुकीवरची दुर्बीण, सगळं पायाशी येऊन पडतं, मी न मागता. मॅच संपली की फ्रेंड रिक्वेस्ट, मग इन्स्टा आयडी, आणि नाही दिला तर तोच दानशूर माणूस दोन मिनिटांत शिव्या घालतो. म्हणजे हेल्मेट फुकट नव्हतंच, त्याची उधारी लिहिलेली होती कुठेतरी. म्हणून मी आता माइक बंद ठेवते आणि गेममधलं नाव पण असं घेतलंय की बाई की बुवा काहीच कळू नये. यानंतर कुणी काही दिलं तर ते कुणाला दिलं हे त्याला पण माहीत नसतं. मला त्यातच इंटरेस्ट आहे.

हे काही लोकांनी मुद्दाम गेममध्येच बसवलंय. दॅटगेमकंपनीचा जर्नी, 2012 चा, प्लेस्टेशनवरचा, मी तो खूप उशिरा खेळले, मामेभावाकडे. वाळवंटातून एका डोंगराकडे चालत जायचं असतं, आणि मध्येच दुसरा एक खरा खेळाडू भेटतो, जगातला कुठलाही. नाव दिसत नाही, चॅट नाही, व्हॉइस नाही. फक्त एक छोटासा सूर काढता येतो. एकमेकांना चिकटून चाललं की दोघांच्या मफलरी चार्ज होतात आणि उडता येतं. सोबत कोण होतं ते कळतं पार शेवटी, गेम संपल्यावर. आता गंमत अशी की सुरुवातीच्या व्हर्जनमध्ये खेळाडू एकमेकांना धक्का देऊ शकत होते, म्हणजे अडकलेल्याला मदत व्हावी वगैरे हेतूने, आणि टेस्टिंगला बसवलेली माणसं काय करत होती तर समोरच्याला खड्ड्यात ढकलत होती! जेनोवा चेन, म्हणजे त्या गेमचा डायरेक्टर, त्याने हे स्वतः सांगितलंय. मग त्यांनी धक्का लागणंच काढून टाकलं, माणसं एकमेकांच्या आरपार जायला लागली. ढकलण्यात मजाच उरली नाही म्हटल्यावर मग लोक सोबत करायला लागले. माणसं तीच हो. संत कुणी झालं नव्हतं, फक्त उपद्रव करायची सोय बंद झाली.

त्याच कंपनीचा स्काय मोबाइलवर आहे, फुकट आहे, आयफोनवर 2019 ला आला आणि अँड्रॉइडवर पुढच्या वर्षी. लेडीज डब्यात खिडकी मिळाली की मी हाच उघडते. यात अनोळखी माणूस आधी नुसता राखाडी दिसतो, दोघांनी एकमेकांच्या मेणबत्त्या पेटवल्या की त्याचा चेहरा दिसतो. नाव तेव्हाही कळत नाही, मैत्री केली तर त्याला नाव तुम्हीच ठेवायचं. माझ्या लिस्टमध्ये एक 'शेवगा' आहे, उंच आणि काटकुळा म्हणून, आणि एक 'दहिसरकर', का ते आता मला पण आठवत नाही. नवीन खेळाडूचा हात धरून जुना खेळाडू त्याला अख्खा मॅप फिरवून आणतो, नवीन माणसाने काही दाबायचं सुद्धा नाही. तिथे एक जंगल आहे, सतत पाऊस, आणि त्या पावसात भिजलं की तुमची उडायची ताकद गळून जाते, तर काही लोक नुसती छत्री उघडून रस्त्यात उभे राहतात, येणाऱ्या-जाणाऱ्याने खाली थांबावं म्हणून. जुलैत विरार लोकल रखडलेली असताना हे बघणं जरा वेगळंच वाटतं, आमच्या डब्यात त्या वेळी छत्रीचं पाणी कुणाच्या साडीवर पडलं यावरून महायुद्ध चालू असतं.

हिदेताका मियाझाकी माहीत असतील, डार्क सोल्स आणि एल्डन रिंग हे गेम बनवणारे जपानी डायरेक्टर. त्यांच्या 2009 च्या डेमन्स सोल्समध्ये अनोळखी माणसं जमिनीवर एकमेकांसाठी मेसेज लिहून ठेवतात, पुढे शत्रू लपलाय वगैरे, आणि तुम्ही एखाद्या मेसेजला चांगलं म्हटलं की तो लिहिणारा जिथे कुठे मरता-मरता लढत असेल तिथे त्याची तब्येत भरते. (खड्ड्यासमोर "उडी मार, खजिना आहे" असं लिहिणारे नग पण आहेतच, आणि त्यांना पण लाइक्स मिळतात.) ही कल्पना कुठून आली ते मियाझाकींनी एका मुलाखतीत सांगितलं होतं. बर्फ पडत होता, चढावर गाड्या अडकल्या, कुणाचीच चढेना. मग मागच्या गाडीने पुढच्या गाडीला हळूच टेकून ढकलायला सुरुवात केली, आणि असं करत करत एकेक गाडी वर गेली, यांची पण गेली. पण थांबून थँक्यू म्हणायची सोय नव्हती, थांबलं तर गाडी परत अडकणार. ती माणसं परत कधी भेटणार नाहीत, आणि रांगेतल्या शेवटच्या गाडीचं काय झालं असेल, हे त्यांच्या डोक्यात राहिलं. मिलन सबवेत किंवा हिंदमाताला पाणी भरलेलं असताना बंद पडलेली रिक्षा ज्यांनी ढकललीये किंवा ज्यांची ढकलली गेलीये त्यांना हे वेगळं समजावायला नको. ढकलणारे चार जण कोण होते ते रिक्षात बसलेल्या बाईला आयुष्यात कळत नाही.

पण इथे मला एक शंका आहे आणि ती बऱ्याच दिवसांपासून आहे. स्कायमध्ये छत्री धरणाऱ्याचं जातं काय? वेळ जातो, बाकी काही नाही. मेसेज लिहिणाऱ्याचं तर उलट झाला तर फायदाच आहे. गेमनेच मदत स्वस्त करून ठेवलीये, वर बक्षीस ठेवलंय. ती मदत खोटी आहे असं मी म्हणत नाहीये, मला पण बरं वाटतं. पण पदरमोड करून कुणी देतं तेव्हा त्याची जात वेगळी असते, आणि ती मला दिसली तर शिव्यांचं आगर असलेल्या बीजीएमआयमध्येच दिसली.

रात्रीची मॅच, नेहमीसारखे रँडम. एक जण उतरताच मेला आणि सगळ्यांना शिव्या देऊन निघून गेला, दुसरा नेटवर्कमुळे एका जागी उभाच होता, तोही गेला. उरलो मी आणि तिसरा. शेवटचे झोन, म्हणजे खेळायची जागा आकसत आकसत छोटी झालेली, मी दगडामागे पोहोचायच्या आत नॉक, म्हणजे गोळी लागून आडवी, पण अजून मेलेली नाही. आता ज्यांनी खेळलंय त्यांना माहितीये की रिव्हाइव्ह करायला, म्हणजे पडलेल्याला उठवायला, दहाएक सेकंद लागतात आणि तेवढा वेळ बंदूक चालवता येत नाही, गुडघ्यावर बसून राहायचं, कुणीही येऊन मारावं. शहाणा माणूस अशा वेळी टीममेटला सोडतो. याने आडोशाला धुराचा स्मोक टाकला, आला, उठवलं, वर स्वतःकडचं फर्स्ट एड, म्हणजे तब्येत भरायचं किट, माझ्यापुढे टाकलं. मी माइक उघडला नव्हता, एक शब्द बोलले नव्हते, त्या आधीच्या अर्ध्या तासात माझा एकही किल नव्हता, म्हणजे मला वाचवून जिंकायची शक्यता वाढत होती असंही नाही. पुढच्या झोनमध्ये तो मेला. त्याच्याकडे हीलिंगला काही शिल्लक होतं का कोण जाणे, मला वाटतं नव्हतं. चॅटमध्ये "खेल लो" एवढं लिहून गेला. चिकन डिनर, म्हणजे मॅच जिंकणं, वगैरे काही झालं नाही, मी पण पुढच्या मिनिटाला गेले. रँक पॉइंट त्याचे थोडे कमीच झाले असणार.

असं करणाऱ्यांची तर एलिट डेंजरसमध्ये अख्खी संघटना आहे, फ्यूल रॅट्स. तो 2014 चा अंतराळाचा गेम आहे, आपली आकाशगंगा जवळजवळ पूर्ण साइजची, आणि लांब कुठेतरी इंधन संपलं की खेळ खल्लास, जहाज फोडून घ्यायचं आणि इतक्या दिवसांचं शोधकाम पाण्यात. तर हे लोक येऊन इंधन देतात. पैसे घेत नाहीत, आणि गेम पण त्यांना त्याबद्दल घसघशीत असं काही देत नाही, खेळाडूंनी खेळाडूंसाठी स्वतःच उभं केलेलं आहे. लाखाच्या वर सुटका केल्यात त्यांनी. आणि पद्धत बघा, तुम्ही बोलावलंत की पहिला प्रश्न हा की इमर्जन्सी ऑक्सिजनचा काउंटडाउन चालू झालाय का? झाला असेल तर आधी गेममधून मेनूवर बाहेर पडा, म्हणजे घड्याळ थांबतं, बाकी चौकशी नंतर. काही वेळा एका माणसाला पेट्रोल पोचवायला कुणीतरी तासन्‌तास प्रवास करतं, सोमवारी त्याला पण ऑफिस असतंच की. मी स्वतः हा गेम खेळलेले नाही, माझ्या लॅपटॉपची ती ऐपत नाही, पण त्यांच्या सुटकेच्या गोष्टी मी रात्री झोपायच्या आधी वाचते.

आता सगळ्यात छोटी पदरमोड. लिचेस या वेबसाइटवर बुद्धिबळ खेळताना समोरच्याच्या घड्याळापाशी एक बारीकसं अधिकचं चिन्ह असतं, ते दाबलं की त्याला पंधरा सेकंद जास्त मिळतात. तुम्हाला काही मिळत नाही, नुकसानच. आणि समोरचा गायब झाला तर थोड्या वेळाने 'विजय मागा' असा पर्याय पण येतो, सरळ दाबा आणि रेटिंग घ्या. माझं नेट भाईंदरच्या खाडीवर गेलं, वसईला मावशीकडे निघाले होते, डाव बरोबरीत चाललेला. पुलावरून पलीकडे आल्यावर गेम उघडला तर चालूच! समोरच्याने विजय मागितला नव्हता, आणि माझ्या घड्याळात जेवढा वेळ उरायला हवा होता त्याहून बराच जास्त होता. प्रोफाइलवर अर्जेंटिनाचा झेंडा. मी थँक्यू टाइप केलं, त्याने उत्तर दिलं नाही, आणि मग मला व्यवस्थित हरवलं.

हे घरी भाच्याला सांगितलं, तो दहावीला आहे आणि त्याला जगातलं सगळं कळतं.

"मावशी, चुकून दाबलं असेल त्याने."

"इतक्या वेळा चुकून?"

"मग भाव खात असेल. तुला हरवणारच होता ना, माहितीये त्याला. तू जिंकत असतीस तर दिले असते का?"

प्रश्न वाईट नाहीये, मी त्यावर अजून विचार करतेय. पण बरोबरीचा डाव होता यार, मी स्क्रीनशॉट काढून बुद्धिबळाच्या इंजिनला, म्हणजे डाव तपासणाऱ्या प्रोग्रामला, लावून बघितलं, उलट किंचित माझंच बरं होतं.