गोड्या मसाल्यात साल्मोनेला शोधताना : माझा अनुभव

सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षी आम्हाला लघुप्रबंध करावा लागतो. पुण्यातल्या छोट्या कांडप केंद्रांवर तयार होणाऱ्या गोड्या मसाल्यात साल्मोनेला हा अन्नातून आजार पसरवणारा जिवाणू आहे की नाही, हे तपासण्याचा विषय मी घेतला, तेव्हा वर्गातल्या बहुतेकांना तो सोपा वाटला. मसाला कोरडा, त्यात लवंग-दालचिनी, म्हणजे जिवाणू टिकणारच नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांचे म्हणणे निम्मे बरोबर होते. पदार्थातील जलक्रियता, म्हणजे जिवाणूंना वापरता येईल अशा पाण्याचे माप, साधारण ०.९४ च्या खाली गेली की साल्मोनेला वाढत नाही आणि मसाल्याची जलक्रियता त्याहून पुष्कळच कमी असते. मात्र वाढ थांबली म्हणजे जिवाणू मेला असे होत नाही. कोरड्या पदार्थात तो महिनोन्महिने तग धरून राहू शकतो.

याची उदाहरणे परदेशात नीट नोंदलेली आहेत. जर्मनीत १९९३ साली बटाट्याच्या वेफर्सवर भुरभुरलेल्या पॅप्रिका मिरचीच्या पुडीतून सुमारे हजार माणसे आजारी पडली आणि त्यांत लहान मुलांचा भरणा अधिक होता. आजारी पडायला चार ते पंचेचाळीस जिवाणू पुरले असावेत, असा अंदाज तेव्हाच्या अभ्यासकांनी मांडला. अमेरिकेत २००९-१० मध्ये सलामी या मांसाच्या सॉसेजला वरून लावलेल्या मिरपुडीमुळे ४४ राज्यांत २७२ रुग्ण नोंदले गेले. दोन्ही ठिकाणी मसाला वरून पडला होता आणि नंतर शिजला नव्हता. आपली आमटी खळखळून उकळते, त्यामुळे तिच्यातला मसाला मला फारसा धोक्याचा वाटत नाही. चिवड्यावर आणि तळलेल्या पदार्थांवर वरून चोळलेल्या मसाल्याची गोष्ट निराळी आहे.

संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी, मार्गदर्शक मॅडमची सही आणि पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील औद्योगिक सूक्ष्मजीव संग्रहाकडून साल्मोनेलाचे संदर्भ-कल्चर (तुलनेसाठी वाढवलेले खात्रीचे जिवाणू) मिळवण्यासाठीचे पत्र, हे सगळे कागदपत्रांचे काम होते आणि ते रीतसर पार पडले. खरा वेळ लागला तो पद्धत समजून घ्यायला.

पद्धत कागदावर सरळ दिसते. निर्जंतुक पिशवीत २५ ग्रॅम नमुना घ्यायचा, त्यात २२५ मिलिलिटर बफर्ड पेप्टोन वॉटर हे जिवाणूंना पोसणारे द्रव घालायचे आणि ३७ अंश सेल्सिअसला साधारण अठरा तास ठेवायचे, म्हणजे कोरडेपणाने अर्धमेले झालेले जिवाणू पुन्हा उभारी धरतात. त्यातला थोडा अंश दोन निवडक ब्रॉथमध्ये (जिवाणू वाढवण्याच्या द्रवांत) टाकायचा. त्यांपैकी निळसर-हिरव्या रंगाचा रॅपापोर्ट ब्रॉथ ४१.५ अंशांना ठेवतात; त्यातले मॅग्नेशियम क्लोराइड आणि मॅलाकाइट ग्रीन इतर जिवाणूंना दाबून ठेवतात. त्यानंतर एक्सएलडी आगर या घट्ट माध्यमाच्या प्लेटवर त्याची स्ट्रीक करायची, म्हणजे रेघा ओढायच्या, आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी-लाल कडेच्या, मधोमध काळ्या वसाहती (जिवाणूंचे ठिपके) दिसतात का ते पाहायचे. पुढे जैवरासायनिक चाचण्या आणि शेवटी स्लाइडवर अँटिसीरमने खात्री; या द्रवात साल्मोनेलाची गुठळी होते. आपल्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याखालील नियमांत मसाल्यासाठीची अट एका ओळीची आहे : २५ ग्रॅममध्ये साल्मोनेला अनुपस्थित.

या ओळीला मॅडमनी पहिल्याच बैठकीत हात घातला. "अगं, तुझ्या पिशवीत जिवाणू आला नाही, तर तो मसाल्यात नव्हता म्हणून आला नाही, की मसाल्यानेच त्याला ब्रॉथमध्ये मारला म्हणून? हे तू कशावरून सांगणार?" माझा पुढचा बहुतेक सगळा प्रबंध या एका प्रश्नाच्या उत्तरात गेला.

लवंगेतले युजेनॉल आणि दालचिनीतले सिनामाल्डिहाइड जिवाणूंना मारक असतात. कोरड्या मसाल्यात त्यांचा परिणाम मंद असतो, पण पेप्टोन वॉटर पडले की ती द्रव्ये पाण्यात उतरतात आणि जिवाणूला जिथे उभारी द्यायची, नेमक्या त्याच ठिकाणी त्याचा जीव घेतात. मग अहवालात 'आढळला नाही' असे छापून येते आणि तो मसाला खाणाऱ्याच्या पोटात मात्र युजेनॉल विरळ होऊन जिवाणूला मोकळे रान मिळू शकते. अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाच्या नियमावलीत यावर उपाय म्हणून लवंग आणि दालचिनी जास्त पातळ करून तपासायला सांगितले आहे : दालचिनी एकास शंभर, लवंग एकास हजार. कांदा-लसणाच्या कोरड्या पुडीसाठी पोटॅशियम सल्फाइट घालून मारकपणा घालवता येतो; लवंगेसाठी तो उपाय चालत नाही. याचा अर्थ २५ ग्रॅम लवंगेसाठी सुमारे २५ लिटर ब्रॉथ लागतो. आमच्या प्रयोगशाळेत एवढे माध्यम निर्जंतुक करायचे म्हणजे लग्नघरातली पातेलीच आणावी लागली असती.

गोडा मसाला मात्र मिश्रण आहे. त्यात धने, तीळ, सुके खोबरे, जिरे यांचा वाटा मोठा, तर लवंग, दालचिनी, दगडफूल, नागकेशर, तमालपत्र यांचा कमी. शिवाय प्रत्येक कांडपवाल्याचे प्रमाण वेगळे. अशा मिश्रणासाठी माझ्या हाताशी असलेल्या कुठल्याही पुस्तकात तयार आकडा नव्हता. तो आपणच काढायचा होता.

त्यासाठी साल्मोनेला मुद्दाम मसाल्यात घालून तो परत सापडतो का, हे पाहावे लागते. पातळ कल्चर सरळ मसाल्यात ओतले तर मसाला ओला होतो आणि ताजेतवाने जिवाणू सहज सापडतात, त्यामुळे तो पुरावा फसवा ठरतो. म्हणून आगरवर वाढवलेले जिवाणू निर्जंतुक केलेल्या बारीक वाळूत चोळून सुकवले, ती वाळू मसाल्यात मिसळली आणि बंद बाटलीत खोलीच्या तापमानाला किमान दोन आठवडे तशीच ठेवली, म्हणजे जिवाणू खऱ्या मसाल्यातल्यासारखे कोरडेपणाला सरावतात किंवा मरतात. मग त्यातून २५ ग्रॅम घेऊन एकास दहा, एकास वीस, एकास पन्नास अशा पिशव्या लावल्या. सोबत जिवाणू न घातलेला मसाला आणि मसाला न घातलेला ब्रॉथ, असे तुलनेसाठीचे दोन्ही कंट्रोल होतेच.

एकास दहाच्या पिशव्यांनी मॅडमची शंका खरी ठरवली. काही पिशव्यांत घातलेला जिवाणू सापडला, काहींत प्लेट कोरी राहिली. आणि ज्या मसाल्यात लवंग-दालचिनीचा वास जास्त उग्र होता, त्यात कोऱ्या प्लेट अधिक होत्या. एकास वीसला सुधारणा झाली, तरी खात्रीने सांगता येईना. एकास पन्नासला माझ्याकडच्या सगळ्या मसाल्यांतून तो परत मिळाला. म्हणजे दर नमुन्याला सव्वा लिटर पेप्टोन वॉटर. प्रयोगशाळेतल्या काकांनी ऑटोक्लेव्हचा, म्हणजे दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राचा, भार पाहून कपाळाला हात लावला. वापरलेल्या पिशव्या १२१ अंशांना निर्जंतुक करताना जिन्यापर्यंत आमटीचा वास दरवळायचा आणि शेजारच्या विभागातून रोज कोणीतरी डोकावून जायचे. त्या वाफेत काय होते हे मी कोणालाही सांगितले नाही.

यानंतरच बाजारातले नमुने हाती घेतले. ते रविवार पेठेतून आणि उपनगरांतल्या कांडप केंद्रांवरून आणले होते. एक्सएलडीच्या प्लेटवर काळ्या ठिपक्यांच्या वसाहती पहिल्यांदा दिसल्या, तेव्हा मैत्रिणीने लगेच फोटो काढला. मात्र प्रोटियस आणि सिट्रोबॅक्टर हे दुसरे जिवाणूही हायड्रोजन सल्फाइड तयार करतात आणि प्लेट काळी करतात. युरियाच्या नळीत टाकलेल्या वसाहतींपैकी बऱ्याच जणींनी ती काही तासांतच गडद गुलाबी केली. साल्मोनेला युरियाचे विघटन करत नाही, म्हणून त्या तिथेच बाद झाल्या. उरलेल्या ट्रिपल शुगर आयर्न या माध्यमाच्या तिरप्या नळीवर तपासल्या : वर लाल, तळाशी पिवळे आणि काळे, असे साल्मोनेलाशी जुळणारे चित्र काहींनी दाखवले, तरी अँटिसीरमच्या थेंबात त्यांची एकही गुठळी झाली नाही. मुद्दाम घातलेल्या संदर्भ-कल्चरची गुठळी त्याच स्लाइडवर शेजारी दह्याच्या कणांसारखी स्पष्ट फुटली होती, म्हणून अँटिसीरम खराब नव्हते हे कळले. माझ्या नमुन्यांत साल्मोनेला आढळला नाही.

प्रबंधात हे वाक्य कसे लिहायचे यावर मात्र बरीच चर्चा झाली. समजा, मसाल्यात दर शंभर ग्रॅममागे एक जिवाणू सारखा विखुरलेला आहे. तर २५ ग्रॅमच्या एका नमुन्यात तो येण्याची शक्यता सुमारे २२ टक्के असते, आणि तसे पाच वेगळे नमुने घेतले तर सुमारे ७१ टक्के. प्रत्यक्षात तो सारखा विखुरलेला नसतो, कांडणाऱ्या यंत्राच्या एखाद्या सांदीतून गुठळीने येतो. म्हणून मी प्रत्येक निकालापुढे नमुन्यांची संख्या, मसाला किती पातळ केला ते प्रमाण आणि त्याच मसाल्यातून घातलेला जिवाणू परत मिळाला की नाही, हे तिन्ही लिहिले. माझ्या मते मसाल्याच्या कोणत्याही अहवालावर यांतल्या शेवटच्या दोन गोष्टी छापलेल्या असाव्यात. त्या नसतील तर लवंग असलेल्या पदार्थाच्या 'आढळला नाही' या निकालाला मी किंमत देणार नाही.

नमुने देणाऱ्या एका कांडपवाल्या काकूंना निकालाचा कागद नेऊन दिला. त्यांनी तो दोनदा वाचला. "ताई, म्हणजे मसाला चांगला आहे ना? मग हे पन्नास कसले?" मी ब्रॉथ आणि लवंगेची हकीकत सांगितली. त्या थोडा वेळ विचार करून म्हणाल्या, "लवंग तर आम्ही तेलात परतून घेतो. कुटल्यावर खोबरं आणि तीळ हाताने मिसळतो, ते तपासा की." त्यांचे बोलणे बिनचूक होते : भाजल्यानंतर हात आणि भांडी लागतात तीच जागा धोक्याची, शिवाय खोबऱ्या-तिळातली चरबी जिवाणूला पोटातल्या आम्लापासून आडोसा देते. तोंडी परीक्षेत बाह्य परीक्षकांनीही जवळजवळ हेच विचारले, घटक सुटे का तपासले नाहीत म्हणून. ते काम आता माझ्यामागच्या तुकडीतली एक विद्यार्थिनी करते आहे. तिने तिळापासून सुरुवात केली आहे, कारण तिळाला एकास दहा पातळ करणे पुरते.