बोंडूच्या रसासाठी ‘बिग’ अनुदान: माझा अनुभव

एक टन काजू बी काढली की मागे आठ-दहा टन बोंडू, म्हणजे काजूची रसाळ फळं, उरतात. तेरेखोल नदीपलीकडे गोव्यात त्यांची फेणी ही दारू होते, तिला 2009 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. आमच्या वेंगुर्ल्यात मात्र बहुतेक बोंडू झाडाखालीच कुजतात. बोंडूच्याच चोथ्यावर बुरशी वाढवायची, तिच्यापासून एन्झाइम काढायचं आणि त्याने रसाचा तुरटपणा घालवायचा, असं माझ्या डोक्यात होतं. काका म्हणाले, “ह्याका सरकार पैशे देतला?”

देतं. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने 2012 मध्ये जैवतंत्रज्ञान उद्योगांच्या संशोधनाला मदत करणारी ‘बायरॅक’ ही संस्था उभारली, तिची ही ‘बिग’ (बायोटेक्नॉलॉजी इग्निशन ग्रँट) योजना. 18 महिन्यांसाठी 50 लाखांपर्यंत, आणि हे कर्ज नव्हे. शेडसाठी सबसिडी मागायची असेल तर हे दार चुकीचं. इथे पैसे मिळतात ते कल्पना चालते का, हे तपासायला.

अर्जानंतर खरा कस लागला तो योजनेच्या तज्ज्ञांसमोर. पहिलाच प्रश्न: साबुदाण्याने रस निवळतो, केरळच्या कृषी विद्यापीठाने ती पद्धत शिकवलेली आहे, मग एन्झाइम कशाला? प्रश्न रास्त होता. साबुदाणा घातलेला रस काही तास तसाच ठेवावा लागतो आणि एप्रिलच्या उकाड्यात तेवढ्यात तो आंबायला लागतो, हे मी सांगितलं. त्यांना आकडे हवे होते: टॅनिन (तुरटपणा आणणारा घटक) आधी किती, नंतर किती, लिटरमागे खर्च किती. ते जवळ होते म्हणून निभावलं. ‘कोकणचा विकास’ वगैरे वाक्यांकडे कुणी पाहिलंही नाही, आणि बरंच झालं. संशोधनाने बागायतदाराचं काय होतं ते वेंगुर्ला-4 आणि वेंगुर्ला-7 लावणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. काजूच्या त्या जाती इथल्याच फळ संशोधन केंद्राच्या.

आता एक गोष्ट जरूर लक्षात ठेवा. हप्ते कामाच्या टप्प्यांवर मिळतात आणि बोंडू मेअखेर संपतात. म्हणून चोथा आधीच गोठवून ठेवला आणि डीप फ्रीझर अंदाजपत्रकात सगळ्यात वर लिहिला. अनुदानासाठी ‘नो लिएन’ खातं, म्हणजे ज्यातल्या पैशांवर बँकेला हक्क सांगता येत नाही असं खातं, लागतं. तालुक्याच्या बँकेत ते समजावताना घाम फुटला, पण उघडलं.

पहिला हप्ता पावसात आला. पुढच्यासाठी सीएच्या सहीचा खर्चाचा दाखला आणि टॅनिनचे नवे आकडे द्यायचेत. एन्झाइम अजून साबुदाण्यापेक्षा महाग पडतंय. सध्या तेच खाली आणण्याची खटपट चालू आहे.