कट्टे मोजणीचं पॅनल : खोटा इनपुट येतो कुठून?

जुन्या बाजारातला एस७-१२०० (सीमेन्सचा पीएलसी, म्हणजे यंत्र चालवणारा छोटा संगणक) आता टेबलावरून जळगावच्या डाळमिलमधल्या कन्व्हेअरवर बसलाय. तूरडाळीचा कट्टा फ्लॅपला ढकलतो, फ्लॅपची लोखंडी पत्ती दोन वायरच्या प्रॉक्सीसमोर (धातू जवळ आला की चालू होणारा सेन्सर) येते आणि पीएलसीचा पहिला इनपुट आय ०.० चालू होतो. पण कट्टा नसतानाही आकडा वाढतो, आणि मधूनच इनपुटचा दिवा विझतच नाही. ही दुखणी वेगवेगळी आहेत.

आधी न विझणारा दिवा. आय ०.० ची वायर टर्मिनलमधून काढली की दिवा गेला, म्हणजे कार्ड शाबूत, दोष बाहेरचा. वायर परत लावून आय ०.० आणि १एम (इनपुटचं सामाईक, इथे मायनस टोक) यांच्यामध्ये मीटर धरला : पत्ती लांब असताना ७ व्होल्ट. वायर सुटी ठेवून मोजू नका, मीटरच्या १० मेगओहममुळे भलताच आकडा दिसतो. या इनपुटला ५ व्होल्टपर्यंत 'बंद' आणि १५ व्होल्टच्या वर 'चालू' कळतं. मधला पट्टा बेभरवशाचा. दोन वायरची प्रॉक्सी बंद असतानाही स्वतःपुरता करंट घेते. इथे तो साधारण १.२ मिलिअॅम्पियर, आणि इनपुटचा रोध जवळपास ६ किलोओहम. दोन्हींचा गुणाकार सुमारे ७ व्होल्ट, हिशेब जुळतो.

उपाय : आय ०.० आणि १एम यांच्यामध्ये २.७ किलोओहम, १ वॉटचा रेझिस्टर. बंद व्होल्टेज सव्वादोनच्या आसपास येतं. चालू असताना रेझिस्टरवर जास्तीत जास्त ०.२१ वॉट जळतात, तरी पाव वॉटचा लावू नका. मे महिन्यात इथल्या पॅनलमध्ये आधीच भट्टी असते. तीन वायरची पीएनपी (चालू झाल्यावर प्लस देणारी) प्रॉक्सी मिळाली तर रेझिस्टरची भानगडच नको.

आता वाढणारा आकडा. व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) बंद केला की खोटी मोजणी थांबायची, त्यामुळे सगळा संशय त्याच्यावर. खरं कारण हार्डवेअर कॉन्फिगरेशनमध्ये सापडलं : आधीच्या एन्कोडरसाठी (फिरणं मोजणारा, झटपट पल्स देणारा सेन्सर) आय ०.० चा फिल्टर, म्हणजे याहून छोटे पल्स गाळणारी वेळ, १० मायक्रोसेकंद ठेवलेला, त्यामुळे व्हीएफडीचे बारीक झटकेही मोजले जायचे. मूळ सेटिंग ६.४ मिलिसेकंद असतं. जुना पीएलसी घेतलात तर हे आधी उघडून बघा. बदल डाउनलोड करताना सीपीयू स्टॉपमध्ये जातो, म्हणून कन्व्हेअर थांबवूनच करा.

नुसता फिल्टर वाढवून गप्प बसणं मात्र आम्हाला पटत नाही, सैल वायरही त्याच्याआड लपते. म्हणून सेन्सरची केबल मोटर केबलपासून ३०० मिमी दूर नेली, जिथे ओलांडावीच लागते तिथे काटकोनात. शील्डची (केबलच्या जाळीदार आवरणाची) शेपटी न वळता पॅनलच्या बाजूला पूर्ण गोल क्लॅम्प दिला. २४ व्होल्ट डीसी कॉन्टॅक्टरच्या (मोठा करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचच्या) कॉइलवर १एन४००७ डायोड उलटा लावला, पांढरी पट्टी प्लसकडे. एसी कॉइल असेल तर डायोड नाही, आरसी स्नबर (रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी).

राहिली दुहेरी मोजणी, म्हणजे एकच कट्टा दोनदा मोजला जाणं. ती विजेची नाहीच, फ्लॅप उसळी मारतो. प्रोग्राममध्ये दोन काउंटर ठेवलेत : एक कच्च्या एजचा (इनपुट बंदवरून चालू होण्याच्या प्रत्येक क्षणाचा), दुसरा ५० मिलिसेकंदांच्या टीओएनमधून (तेवढा वेळ सलग चालू राहिला तरच पुढे जाऊ देणारा टायमर) गेलेल्या सिग्नलचा. दोन्ही आकड्यांत फरक पडला की यंत्राकडे बघायचं. सध्या फरक फक्त भरलेला कट्टा जोरात आदळतो तेव्हाच पडतो. पुढचं काम फ्लॅपला रबरी थांबा लावणं, आणि प्रॉक्सी-पत्तीतलं अंतर ४ वरून ३ मिमीवर आणणं.