पंपाच्या बंदुका कशाला?

"तुम्ही शिकार करत नाही, स्पर्धेला जात नाही, विकतही नाही. मग या जुन्या छऱ्याच्या बंदुका कशाला?" इथे अमेरिकेत, मिलवॉकीत गणपतीला जमलं की कुणीतरी विचारतंच. आजवर 'छंद आहे' म्हणून वेळ मारून नेली. तुम्ही पुन्हा विचारलंत म्हणून नीट सांगतो.

मला शस्त्रांचं वेड नाही. दारूगोळ्याची बंदूक घरात नाही आणि नकोच आहे. मला ओढ आहे ती पंपाची. बॅरलखालचा लाकडी हात उघडायचा, मिटायचा, की आतला दट्ट्या हवा कोंबतो. सायकलच्या पंपासारखंच, वायसर धड असेल तर हवा धरणार. शेरिडन या जुन्या अमेरिकन कंपनीच्या बंदुकीला एका छऱ्यासाठी तीन ते आठ पंप. शेवटच्या दोनांना दंड भरून येतो, आणि छर्रा जातो तो त्याच जोरावर.

शेरिडन इथून जवळच, रसीनमध्ये बनायची. 1947ची 'सुपरग्रेड' 56.50 डॉलरची होती. त्या काळात छऱ्याच्या बंदुकीला एवढे पैसे मोजणार कोण? दोन हजारांच्या आसपासच निघाल्या. मग स्वस्तातली 'सिल्व्हर स्ट्रीक' आली: पितळी नळी, वर निकेलचा मुलामा, अक्रोडाचा दस्ता, 5 मिलिमीटरचा छर्रा.

तशी एक मला एका घरातल्या जुन्या सामानाच्या विक्रीत मिळाली. पंपाच्या हाताशी लाकूड बोटांनी झिजलेलं, आणि दस्त्यावर कुण्या पोराने खिळ्याने कोरलेली दोन वेडीवाकडी अक्षरं. हवा टिकत नव्हती. दुसऱ्या राज्यातल्या एका कारागिराकडे पाठवली. सोबत चिठ्ठी: फक्त वायसर आणि व्हॉल्व्ह बदला, बाकी कशालाही हात लावू नका.

खोकं उघडलं तर आत पिवळीधमक बंदूक. निकेल पार उतरवलेलं, पितळ बफ केलेलं, नळीवरचं कंपनीचं नाव पुसट झालेलं. दस्ता घासून त्यावर जाड वॉर्निश. झीज गेली, अक्षरंही गेली. त्याची चिठ्ठी होती: पॉलिशचे पैसे घेतलेले नाहीत, बंदूक आवडली म्हणून केलं. मी कितीतरी वेळ दस्ता उजेडात तिरका धरून बोटांनी चाचपत बसलो. बायकोने विचारलं, "चालते ना पण?" चालत होती. दोन पंप भरून ठेवली, महिन्याने चाप ओढला तर हवा होती.

सुरुवातीला मीच सगळ्यांना सांगायचो, हवा न धरणारी बंदूक म्हणजे नुसती नळी आणि लाकूड. तेव्हाचा मी असतो तर त्या कारागिराला मिठी मारली असती. त्या जुन्या मला आज काय उत्तर देऊ? म्हणेल, ते पोर तुझं कोण? कुणीच नाही. पण त्याने तिला इतके पंप मारले की लाकूड झिजलं, आणि ते माझ्या हाताला कळत होतं. यावर तो म्हणेल, मग कपाटात ठेवून काय उपयोग, त्या पोराला ती चाललेलीच आवडली असती. हेही मला खोडता येत नाही.

माझ्याकडच्या शेरिडनमध्ये आज तीच सर्वांत जोरात मारते. पाहुण्यांना मात्र मी दुसरी दाखवतो.

सध्या बेंजामिन या दुसऱ्या कंपनीच्या एका जुन्या बंदुकीची हवा दुसऱ्या पंपालाच निसटते. दुरुस्तीची हत्यारं टेबलावर काढून ठेवलीत. बंदूक उघडायची की तशीच राहू द्यायची, अजून ठरलेलं नाही.