पॅडली गॉर्ज ते हिगर टॉर: ग्रिंडलफर्डहून एका दिवसाची फेरी

इंग्लंडमधल्या शेफील्डहून मँचेस्टरच्या दिशेने जाणारी, सगळीकडे थांबणारी गाडी डोअर स्टेशन सोडते आणि टॉटलीच्या बोगद्यात शिरते. बोगदा साडेपाच किलोमीटरहून लांब आहे आणि त्याच्या पलीकडच्या तोंडाशीच ग्रिंडलफर्ड स्टेशन आहे. त्यामुळे अंधारातच सॅक पाठीला लावून दाराशी उभे राहायचे. परतीच्या गाड्यांच्या वेळा निघण्यापूर्वीच लिहून घ्या.

पीक डिस्ट्रिक्ट या राष्ट्रीय उद्यानातले जंगल आणि माळरान एकाच दिवसात दाखवणारी ही सुमारे १२ किलोमीटरची फेरी आहे. खाणेपिणे धरून पाच-सहा तास लागतात. पॅडली गॉर्जची घळ आधी चढायची आणि माळ नंतर, हा क्रम मोडू नका. घळीतले दगड शेवाळलेले आहेत आणि ओकची मुळे वाटेवर आडवी पसरली आहेत. ताज्या पायांनी ती चढताना काही वाटत नाही, पण संध्याकाळी थकून उतरताना घोटा मुरगळतो तो इथेच.

स्टेशनवरून रेल्वेचा पूल ओलांडा, जुनी गिरणी मागे टाका आणि ओढा ओलांडून लगेच उजवीकडच्या फाटकातून वर वळा. हा ओढा, बर्बेज ब्रूक, उजव्या हाताला खळाळत राहतो. इथले ओक ठेंगणे, वाकडेतिकडे आणि फांद्यांपर्यंत हिरवे आहेत. वाटेत आडव्या पडलेल्या ओंडक्यांमध्ये लोकांनी नाणी ठोकलेली दिसतात. ठोकून ठोकून कडा दुमडलेली, लाकडात निम्मी रुतलेली. त्यात भर घालू नका.

वर झाडी संपते आणि ओढ्याकाठी गवताळ मोकळी जागा लागते. सुट्टीच्या दिवशी इथे गर्दी असते. ओढा धरून ए६१८७ रस्त्यापर्यंत जा. तिथे बेडकाच्या तोंडासारखा, डोळा कोरलेला खडक आहे, तीच खूण. गाड्या वळणावरून वेगात येतात, रस्ता जपून ओलांडा.

पलीकडच्या फाटकातून कार्ल वार्ककडे चढणारा टप्पा दलदलीचा आहे. चकचकीत पोपटी शेवाळ दिसले तर पाय टाकू नका, खाली पाणीच असते. हेदरची (जांभळ्या फुलांची, माळावर वाढणारी) बुटकी झुडपे असतील तिथे जमीन बहुधा घट्ट असते. कार्ल वार्क हा प्राचीन गड आहे. सह्याद्रीतले गड पाहिलेल्यांना त्याची रचना लगेच उमगेल: तीन बाजूंना नैसर्गिक कातळ, आणि कमकुवत पश्चिम बाजूला मुख्य तटबंदी. चुना-माती न वापरता रचलेली ती भिंत सुमारे तीन मीटर उंच आहे. जवळ उभे राहून मोठ्या चिऱ्यांच्या फटींत बसवलेले लहान दगड नीट पाहा. तिच्यावर मात्र चढू नका.

तिथून हिगर टॉर हा खडकाळ माथा (४३४ मीटर) समोरच दिसतो. माथ्याजवळच्या खडकांत हात लावावे लागतात. इथला ग्रिटस्टोन, म्हणजे खरबरीत वाळूखडक, कोरडा असताना सँडपेपरसारखा पकड देतो, पण तळहातही सोलवटतो. माथ्यावर वारा बोचरा असतो. ऊन असले तरी विंडचीटर सॅकमध्ये वरच ठेवा आणि डबा खडकाच्या आडोशाला उघडा.

पुढे वाट उत्तरेला बर्बेजच्या वरच्या पुलापर्यंत रुंद आणि स्पष्ट आहे. परतताना हवा स्वच्छ असेल तर बर्बेज कड्याच्या माथ्यावरून या. ऑगस्टमध्ये अख्खे खोरे हेदरने जांभळे झालेले असते. धुके उतरले तर कड्याचा नाद सोडा आणि खालच्या रुंद गाडीवाटेने चला. दोन्ही वाटा पुन्हा ए६१८७ वरच येतात. रस्त्यापलीकडे लाँगशॉ ही जुनी जंगल-माळाची इस्टेट, तिथे कॅफे आहे. त्याआधी पाणी मिळत नाही आणि ओढ्याच्या वरच्या भागात मेंढ्या चरतात, म्हणून माणशी दीड लिटर सोबत हवे. लाँगशॉच्या जंगलात वाळक्या काटक्यांचे गुडघाभर ढीग दिसतात, ती लाल-काळ्या मुंग्यांची वारुळे. शेजारी बसू नका. लाँगशॉच्या तळ्याकडून ग्रिंडलफर्डकडे उतरणारी वाट ओढ्यापासून दूर, म्हणून तुलनेने कोरडी आहे.

नकाशा ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेच्या एक्सप्लोरर मालिकेतला, १:२५,००० प्रमाणाचा घ्या. डिसेंबरात चारच्या आतच सूर्य मावळतो, तेव्हा टॉर्च हवाच. १ मार्च ते ३१ जुलै जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचा काळ, कुत्रा दोरीला बांधलेलाच ठेवा. माळावर चूल, बार्बेक्यू अजिबात नको: खालची पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची माती, धुमसत राहते आणि विझलेली वाटणारी आग दूरवर पुन्हा निघते. अपघात झाला तर ९९९ हा आपत्कालीन क्रमांक लावून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागा.

उन्हाळ्यात नेच्यांतून चालले असाल तर गाडीची वाट पाहताना गुडघ्यांमागे आणि मोज्यांच्या कडेला गोचिड्या शोधा. सापडली तर बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढा, पिळू नका. पुढच्या काही आठवड्यांत तिथे गोलाकार लाल चट्टा पसरला तर डॉक्टरांना दाखवा, कारण गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या लाइम रोगाची सुरुवात अशी होते.