स्पीड ड्रायव्हरने ठरवायचा नाही

सध्या एका छोट्या सर्किट बोर्डाच्या इथरनेट ड्रायव्हरवर (केबलवरचं नेटवर्क चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) काम चाललंय, रत्नागिरीत घरूनच, आणि एक मत आता अगदी पक्कं झालंय की स्पीड ड्रायव्हरने ठरवायचाच नाही, आपल्याला काय काय जमतं ते समोरच्याला नीट सांगायचं आणि दोघांचं जे जुळेल ते घ्यायचं. ही जुळवाजुळव, म्हणजे ऑटोनेग, फाय चिप (केबलवर सिग्नल पाठवणारी-घेणारी चिप) करते, केबल लावली की दोन्ही टोकं बारीक पल्सचे झुपके सोडतात, एका झुपक्यात १६ बिट. १९९५ पासून हे स्टँडर्डमध्ये आहे.

तरी लोक अजून १०० फुल (१०० मेगाबिट, पाठवणं-घेणं एकाच वेळी) फोर्स करून ठेवतात! मग ती बाजू बोलणंच बंद करते, दुसरीला सिग्नलवरून स्पीड कळतो पण डुप्लेक्स (फुल की हाफ) कळायला मार्गच नाही, म्हणून ती नियमाप्रमाणे हाफ, म्हणजे एका वेळी एकानेच पाठवायचं, असं धरते. दिवा लागतो, पिंग (छोटा चाचणी संदेश) चालतं आणि मोठी फाइल पाठवली की सगळं रखडतं.

आपल्याकडे त्यात खारी हवा. बंदराजवळच्या एका बर्फ कारखान्यात बोर्ड लावलाय, तिथला आरजे-४५ (केबलचा आठ पिनांचा प्लग) काढून बघितला तर ४-५ आणि ७-८ नंबरच्या पिनांवर हिरवट थर चढलेला. बोलणी होतात १-२ आणि ३-६ वर, त्या पिना ठीक, त्यामुळे दोघांचं गिगाबिटवर (१००० मेगाबिट) एकमत होतं, पण गिगाबिटला चारही जोड्या लागतात, म्हणजे लिंक लागत नाही, परत बोलणी, परत तेच, असं दिवसभर. काही चिप आपणहून १०० वर उतरतात, आमची उतरत नाही. म्हणून ड्रायव्हरमध्येच टाकतोय: समोरच्याची माहिती येतेय पण लिंक लागत नाही असं सलग काही वेळा झालं की फायच्या रजिस्टर ९ मधून (रजिस्टर म्हणजे चिपमधला सेटिंग आणि स्थितीचा कप्पा) गिगाबिट काढायचं आणि रजिस्टर ० मधून बोलणी परत सुरू करायची. ऑटोनेग बंद करायचं नाही, नाहीतर वरचा डुप्लेक्सचा घोळ आपणच घरात घेतला.

अजून एक, रजिस्टर १ मधला लिंकचा बिट पडला की वाचेपर्यंत पडलेलाच राहतो. आत्ताची स्थिती हवी म्हणून बरेच जण तो दोनदा वाचतात आणि पहिलं वाचन फेकून देतात. मला ते पटत नाही, मधे क्षणभर लिंक गेली होती हे फक्त त्या पहिल्या वाचनातूनच कळतं, आणि गंजत चाललेल्या केबलची पहिली खूण तीच असते.

आणि १०० वर उतरलो तर लॉगमध्ये सरळ लिहायचं, गिगाबिट जमलं नाही, केबल तपासा. नाहीतर चालतंय ना म्हणून कोणी बघत नाही, आणि एका पावसाळ्यात उरलेल्या पिनाही जातात.