एफ-टू की जी-फाइव्ह?

मार्च २०२५ मधला मंगळवार. सकाळी साडेनऊला इंग्लंडमधल्या आमच्या काउन्सिलच्या, म्हणजे स्थानिक प्रशासनाच्या, विशेष शिक्षण विभागात खासदारांच्या कार्यालयातून मेल आली. प्रश्न दोनच होते. शैक्षणिक मानसशास्त्रज्ञांची किती पदं रिकामी आहेत? आणि तुमच्या केअर लीव्हर (काउन्सिलच्या देखभालीत वाढून बाहेर पडलेल्या) मुलांपैकी किती जणांकडे ईएचसी प्लॅन (खास मदतीचा कायदेशीर आराखडा) आहे? उत्तर संध्याकाळपर्यंत हवं होतं. आकडे काढणं हे माझं काम.

खासदारांनी हेच आधी संसदेत लेखी प्रश्न म्हणून विचारलं होतं. मंत्र्यांचं उत्तर आलं: नेमणुका ही स्थानिक प्रशासनाची जबाबदारी आहे, ही माहिती मंत्रालयाकडे नाही. म्हणून प्रश्न खाली घरंगळत आमच्यापर्यंत आला. कॉमन्सच्या, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या, शिक्षण समितीनं डिसेंबर २०२४ मध्ये विशेष शिक्षणाची चौकशी सुरू केल्यापासून अशा मेल्स वाढल्या होत्या.

पहिला प्रश्न सोपा वाटतो, पण नाही. आमच्याकडे मंजूर पदं दहा. माणसं मोजली तर नऊ, पण तिघी आठवड्यातून तीनच दिवस येतात, एक बाळंतपणाच्या रजेवर. पूर्णवेळाच्या हिशेबात प्रत्यक्ष हातात पडतात सहा पूर्णांक आठ. डॉक्टरेटच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी आमच्याकडे प्रशिक्षणाला असतात. त्यांना मोजायचं का? आणि अहवालामागे पैसे घेणारे बाहेरचे मानसशास्त्रज्ञ? ते पदावर नाहीत, पण त्यांच्याशिवाय गाडं चालत नाही. नोव्हेंबरमधल्या शाळा-कर्मचारी गणनेत एका दिवसाची हजेरी लागते, वर्षभर किती वेळ हातात होता ते कळत नाही. मंजूर पदं, माणसं आणि पूर्णवेळाचा हिशेब असे तिन्ही आकडे मी दिले आणि खाली टीप टाकली. वरिष्ठांना टीप आवडत नाही, त्यांना एकच आकडा हवा असतो. टीप मी काढली नाही.

या पदांचं महत्त्व कायद्यात आहे. मुलाला शिक्षण, आरोग्य आणि देखभाल यांचा एकत्रित आराखडा, म्हणजे ईएचसी प्लॅन, द्यायचा तर २०१४ च्या नियमांनुसार मानसशास्त्रज्ञाचा सल्ला लागतोच. तो मागितल्यापासून सहा आठवड्यांत यायला हवा, आणि अंतिम प्लॅन अर्ज आल्यापासून वीस आठवड्यांत. कागद वाचणं, वर्गात बसून मुलाला पाहणं, त्याच्याशी बोलणं आणि लिहिणं, असा एका सल्ल्याला दोन ते अडीच दिवस जातो. एवढेच हात असतील तर सगळा वेळ नव्या अर्जांना जातो. आधीपासून प्लॅन असलेल्या मुलांकडे पुन्हा बघायला कुणी उरत नाही. २०२४ चा देशाचा आकडा नंतर जूनमध्ये आला: वीस आठवड्यांच्या आत निघालेले प्लॅन ४६.४ टक्के. पण हा आकडा फक्त नव्या प्लॅनांचा. जुन्या प्लॅनमध्ये पाच वर्षांपूर्वीचा सल्ला तसाच पडून असेल तर त्याची नोंद त्यात होत नाही.

दुसऱ्या प्रश्नानं दिवस खाल्ला.

केअर लीव्हर म्हणजे काउन्सिलच्या देखभालीत, बहुतेकदा फॉस्टर घरात (सांभाळ करणाऱ्या दुसऱ्या कुटुंबात), वाढून अठराव्या वर्षी बाहेर पडलेली मुलं. यांना एक पर्सनल अ‍ॅडव्हायझर मिळतो. निदान दर दोन महिन्यांनी भेट आणि सहा महिन्यांनी पाथवे प्लॅनचा, म्हणजे पुढच्या वाटचालीच्या आराखड्याचा, आढावा, हे एकवीसपर्यंत. पुढे पंचविशीपर्यंत मदत मुलानं मागितली तर. या मुलांची यादी मुलांच्या समाजसेवा विभागाच्या संगणकात, ईएचसी प्लॅनची यादी आमच्या. दोन्हींत समान क्रमांक नाही. नाव आणि जन्मतारीख जुळवावी लागते, आणि फॉस्टर घरांतून फिरलेल्या मुलांची आडनावं बदललेली असतात. दुपारी दीडपर्यंत जुळवाजुळव चालली. चार नावं उरली. तीन स्पेलिंगच्या चुका निघाल्या. चौथं एका मुलाचं.

वय एकोणीस. पाथवे प्लॅनमध्ये लिहिलेलं: ‘ईएचसी प्लॅन आहे, कॉलेजला जातो.’ आमच्या यादीत तो नाहीच.

कारण साधं होतं. त्याला आम्ही शेजारच्या काउन्सिलच्या हद्दीत ठेवलं होतं. केअर लीव्हर म्हणून जबाबदारी शेवटी देखभाल केलेल्या काउन्सिलची, मूल कुठंही राहो. ईएचसी प्लॅन मात्र पत्त्याबरोबर जातो. म्हणजे अ‍ॅडव्हायझर आमचा, प्लॅन त्यांचा. खासदारानं आमच्याकडे विचारलं तर तो प्लॅनच्या मोजणीत नाही. शेजारच्या खासदारानं विचारलं तर केअर लीव्हरच्या मोजणीत नाही. दोन्ही उत्तरं खरी.

शेजारच्या काउन्सिलला फोन केला. मुलानं नोव्हेंबरमध्ये कॉलेज सोडलं होतं. नियमानुसार अठरा ते पंचवीस वयाच्या तरुणानं शिक्षण सोडलं तर प्लॅन आपोआप बंद करता येत नाही. आढावा घ्यावा लागतो, त्याला परत जायचं आहे का हे विचारावं लागतं. आढाव्याचं पत्र गेलं होतं, पण फॉस्टर घराच्या पत्त्यावर. सोळाव्या वर्षाचं शैक्षणिक वर्ष संपलं की प्लॅनचे हक्क खुद्द मुलाकडे येतात, त्यामुळे पत्रावर नाव त्याचंच. तो मात्र तिथून सप्टेंबरमध्येच निघाला होता. मानसशास्त्रज्ञाचा सल्ला चौदाव्या वर्षीचा. नियम म्हणतो, जुना सल्ला वापरता येतो, पण सल्ला देणारा, काउन्सिल आणि मूल किंवा पालक तिघंही तो पुरेसा मानत असतील तरच. चौदा वर्षांच्या शाळकरी मुलासाठी लिहिलेला सल्ला एकोणिसाव्या वर्षी कॉलेजात पुरेसा, हे कुणी आणि कधी मानलं, त्याची फाइलमध्ये ओळसुद्धा नव्हती.

यात आमचीही चूक होतीच. मंत्रालयाला जाणाऱ्या वार्षिक विवरणपत्रात केअर लीव्हरची नोंद वाढदिवसाशी बांधलेली असते: तीन महिने आधीपासून एक महिना नंतरपर्यंतचा संपर्क. याचा वाढदिवस जानेवारीत. अ‍ॅडव्हायझरनं डिसेंबरमध्ये फोन केला, बोलणं झालं, म्हणून ‘संपर्कात: होय’. काय करतो या रकान्यात जुन्या पाथवे प्लॅनवरून एफ-टू उतरवलं, म्हणजे पूर्णवेळ शिक्षण. खरा कोड जी-फाइव्ह: ना शिक्षण, ना नोकरी, आणि त्याचं कारण आजारपण किंवा मूल नाही. अ‍ॅडव्हायझरला दोष द्यावासा वाटत नाही. तिच्याकडे पंचवीसच्या वर तरुण होते आणि फोनवर मुलगा ‘सगळं ठीक’ म्हणाला होता. पण ‘कॉलेजला शेवटचा कधी गेलास?’ हा प्रश्न ‘कॉलेज कसं चाललंय?’पेक्षा जास्त उपयोगी, हे माझं मत.

साडेचारला उत्तर गेलं. पदांचे तीन आकडे, प्लॅन असलेल्या केअर लीव्हरची संख्या, आणि एक वाक्य: ‘हद्दीबाहेर राहणाऱ्या आमच्या तरुणांचे प्लॅन या संख्येत नाहीत, ते मिळवायला प्रत्येक काउन्सिलला वेगळं विचारावं लागतं.’ पंधरा मिनिटांनी खासदारांच्या सहायकाचा फोन आला. असे किती? मी म्हटलं, हद्दीबाहेर किती राहतात ते सांगू शकतो, प्लॅन किती जणांकडे ते नाही. पुढच्या लेखी प्रश्नात त्यांनी तेच विचारलं: हद्दीबाहेर राहणाऱ्या किती केअर लीव्हरकडे ईएचसी प्लॅन आहे?

मुलाचा आढावा एप्रिलच्या सुरुवातीला झाला. दोन्ही काउन्सिलांची माणसं एका टेबलाशी बसली आणि शेजारच्यांच्या मानसशास्त्रज्ञानं नवा सल्ला लिहिला. ईस्टरनंतर तो आठवड्यातले तीन दिवस सुतारकामाच्या वर्गाला जाऊ लागला. विवरणपत्रात मात्र आम्ही दुरुस्ती करून त्याला जी-फाइव्ह लिहिलं होतं, आणि पुढची नोंद पुढच्या वाढदिवसालाच होते. म्हणजे जानेवारीपर्यंत कागदावर तो रिकामाच बसलेला.